‘नाही’ म्हणायचा तास

‘ज्यांची हरकत असेल त्यांनी हात वर करा,’ असं मी म्हणालो. एकही हात वर आला नाही. मला वाटलं, काम झालं.

आता हे वाक्य मी कुठे उच्चारलं ते सांगतो. जेलमध्ये, संध्याकाळच्या मोजणीला. साठ कैदी जोडी-जोडीने उकिडवे बसलेले, रांगेच्या दोन्ही टोकांना काठी घेतलेले हवालदार. मोजणीत हात हलला की मोजणारा चुकतो. तो चुकला की मोजणी पहिल्यापासून, आणि पहिल्यापासून झाली की जेवण उशिरा. त्या रांगेपुढे उभं राहून ‘ज्यांना आत्ता सुटायचंय त्यांनी हात वर करा’ असं कोणी म्हटलं असतं, तरी हात वर आले नसते. हे मला सव्वीस वर्षांच्या नोकरीत कळलेलं असायला हरकत नव्हती. नव्हतं कळलेलं.

मी जेलचा शिक्षक. असं पद असतं, यावर लोकांचा चटकन विश्वास बसत नाही. लग्नकार्यात कोणी विचारतं, ‘कुठे असता?’ मी म्हणतो, ‘जेलमध्ये.’ समोरचा पंगतीत थोडा सरकून बसतो. ‘किती वर्षं झाली?’ ‘सव्वीस.’ ‘आणि सुटणार कधी?’ ‘अठ्ठावन्न पूर्ण झाली की.’ मग सावद्याचे माझे मेव्हणे, ज्यांना माझ्यामुळे आयुष्यभर खुलासे करावे लागले, घाईने सांगतात, ‘अहो, मास्तर आहेत ते, मास्तर.’

काम साधं आहे. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही त्यांना तेवढं शिकवायचं, ज्यांना येतं त्यांची पत्रं आणि अर्ज तपासून द्यायचे, वाचनालयाच्या पुस्तकांची पानं विडीच्या कामी जात नाहीत ना ते बघायचं. माझी नोकरी जळगाव आणि धुळे या दोन गावांमध्ये ये-जा करण्यात गेली. ही गोष्ट कुठल्या भिंतीआडची ते सांगत नाही. भिंती दोन्हीकडे सारख्याच उंच आहेत, आणि माझा मूर्खपणा मी सोबत घेऊनच फिरत होतो.

तर त्या वर्षी आमच्याकडे खरूज आली. एकाला झाली की बराकीला होते. माणसं दाटीने झोपतात, कांबळी एकमेकांची घेतात, मग सगळी बराक खाजवत बसते. माझ्या वर्गात मी ‘क’ काढला की पाटीवर पेन्सिल टेकायच्या आधी वीस हात पाठीकडे जायचे. जेलच्या दवाखान्यातलं मलम संपलं होतं आणि नवं यायचं होतं. ते गेले दोन महिने यायचंच होतं.

अशात डॉक्टर तस्नीम आल्या. जळगावच्या. वडिलांचं चपलांचं दुकान, आणि ही मुलगी कातडीची डॉक्टर. ‘अब्बूंनी बाहेरची कातडी घेतली, मी आतली,’ असं त्या स्वतःच हसत सांगायच्या. त्यांना मोठ्या डॉक्टरकीच्या परीक्षेसाठी एक अभ्यास करायचा होता. खरजेचं एक जुनं मलम आणि एक नवं मलम, यातलं कुठलं चांगलं. कोणाला कुठलं मिळणार ते डॉक्टर ठरवत नाहीत. बंद पाकिटात चिठ्ठी असते, निघेल ते नशीब. मग महिनाभर ठरलेल्या दिवशी तपासायचं आणि लिहून ठेवायचं.

‘मॅडम, पण जेलच का?’ मी विचारलं.

‘सर, बाहेरचा पेशंट एकदा मलम घेऊन गेला की परत येत नाही. बरं वाटलं तरी येत नाही, नाही वाटलं तरी येत नाही.’

‘आमचा पेशंट कुठे जात नाही,’ मी अभिमानाने म्हणालो. ‘रोज सकाळ-संध्याकाळ मोजून मिळेल.’

त्या हसल्या नाहीत. ‘त्याचीच तर आमच्या समितीला काळजी आहे.’

ही समिती म्हणजे त्यांच्या कॉलेजची नैतिकता समिती. माणसावर कुठलाही प्रयोग करायचा तर आधी तिला विचारावं लागतं, आणि माणूस कैदी असेल तर ती दहादा चष्मा पुसते. कारण बंदिवानाचा होकार हा होकार असतो की नुसती सवय, हे कोणाला सांगता येत नाही. मॅडमनी आधी अर्जात लिहिलं होतं की भाग घेणाऱ्याला रोज एक पेला दूध आणि दोन केळी मिळतील. समितीने ते खोडलं. मला ते कोतेपणाचं वाटलं. आमच्या सावद्याकडे भाव पडले की केळी गुरांपुढे टाकतात, आणि या लोकांना दोन केळी जड झाली? मॅडम म्हणाल्या, ‘सर, तुमच्या बराकीत दोन केळ्यांसाठी माणूस काय काय करील?’ मी आठवून पाहिलं. आदल्या वर्षी तिथे एका केळ्याच्या बदल्यात एका माणसाने दुसऱ्याचे पाय आठवडाभर चेपून दिले होते.

समितीने आणखी एक अट घातली. हवालदाराने किंवा अधिकाऱ्याने नव्हे, तर कैद्यांच्या विश्वासातल्या माणसाने त्यांना फॉर्म समजावून सांगावा आणि मग सही घ्यावी. विश्वासातला माणूस म्हणजे मी. मला इतकं भरून आलं की त्या भरात मी कामच बिघडवलं.

मोजणीची वेळ मीच निवडली, कारण सगळे एका जागी सापडतात. फॉर्म चार पानांचा होता. मी त्याचा सारांश चार वाक्यांत सांगितला, ते हात वर करण्याचं वाक्य बोललो आणि कागद फिरवले. त्यात एक प्रश्न होता, ‘यापूर्वी कुठल्याही मलमाचा त्रास झाला आहे का?’ पुढे ‘हो’ आणि ‘नाही’चे चौकोन. त्यातल्या ‘नाही’वर साठ फॉर्मांत मी स्वतः खुणा केल्या. एकसारख्या, नीटनेटक्या, लाल पेनाने. वर्गात पहिल्या पोराचं उत्तर बरोबर आलं की सगळ्यांच्या पाट्यांवर ‘बरोबर’ लिहीत जायची माझी सवय. चाळीस मिनिटांत साठ सह्या झाल्या. दुसऱ्या दिवशी मी तो गठ्ठा सुतळीने बांधून मॅडमच्या पुढे ठेवला.

त्यांनी गठ्ठा चाळला. ‘एकही नाही म्हणाला नाही?’

‘एकही नाही,’ मी म्हणालो. ‘माझा वर्गच तसा आहे.’

‘सर, साठ माणसांना चहा घेता का विचारलं तरी चार जण नको म्हणतात.’

वर्गात तेव्हा उखर्डू आबा बसले होते. साठीचे, धरणगावकडच्या एका खेड्यातले. बांधावरून पुतण्याशी जुंपली, हाणामारी झाली, खटला उभा राहिला आणि जामीन काही होत नव्हता. आठ महिने आत होते. अक्षरओळख शून्य. नाव असं की त्यात ‘ख’ला ‘र्डू’ चिकटलेला. तीन महिने खपून मी त्यांना सही शिकवली होती. मॅडमनी त्यांचाच फॉर्म बाहेर काढला.

‘आबा, ही सही तुमची?’

‘मनीच शे, बहीन,’ आबा खुलून म्हणाले. ‘मास्तरनी शिकाडी.’

‘कशावर केली आहे?’

‘ते काय माहीत. मास्तरनी सांगं, मी करी दिधी.’

‘काही वाईट असलं तर?’

‘मास्तर वाईट कसाले सांगतीन? आनि सही करी तं जामीन व्हई, असं बठ्ठा सांगतस.’

‘बठ्ठा’ म्हणजे सगळी बराक. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. आबांची ती आयुष्यातली पहिली खरी सही होती, आणि ती मी अशा कागदावर घेतली होती ज्यातलं अवाक्षर त्यांना ठाऊक नव्हतं.

समितीने साठही फॉर्म रद्द केले. नवे नियम आले. सगळं पुन्हा करा, एकेकाला वेगळं बोलवा, आसपास खाकी कपडे नकोत. आज समजावा आणि उत्तर उद्या घ्या. भाग घेतला तर शिक्षेत माफी नाही, जामीन नाही, साहेबांची मेहेरबानी नाही. नाही म्हटलं तर कसलीही शिक्षा नाही.

मी वर्गात हे सगळं वाचून दाखवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विचारलं, ‘मग? नाही म्हणाल ना?’ सगळे एका सुरात म्हणाले, ‘हो गुरुजी!’

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा धडाच शिकवावा लागेल. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत ‘नाही’ लिहिलं आणि सराव सुरू केला. ‘मी विचारीन, तुम्ही नाही म्हणायचं. चहा घेणार?’

 मागून एक आवाज आला, ‘गुरुजी, खरंच आणलाय का?’

‘नाही आणला. नुसतं विचारतोय.’

‘मग नाही कशाला म्हणायचं? समजा मागवलात तर?’

हा आवाज वकिलाचा. तो वकील नव्हता. खोटे सातबारे करून देताना पकडला गेला होता आणि बराकीत सगळ्यांचे अर्ज तोच लिहायचा, म्हणून ते नाव पडलं. पूर्ण फॉर्म वाचणारा वर्गातला तो एकटाच. मला धरून, एकटाच. तो उभा राहिला आणि म्हणाला, ‘मुद्दा सात. “भाग घेणारी व्यक्ती कारण न देता कधीही बाहेर पडू शकते.” गुरुजी, हे साहेबांना माहीत आहे का?’

वर्ग इतका हसला की बाहेरचा हवालदार डोकावून गेला.

आठ दिवसांत सगळे तयार झाले. जरा जास्तच झाले. हवालदाराने एकाला अंगण झाडायला सांगितलं, तर तो म्हणाला, ‘नाही, आणि कारण देणार नाही.’ वरणाच्या रांगेत दोघांनी ‘विचार करून उद्या सांगतो’ असं उत्तर दिलं. अधीक्षक साहेबांनी मला बोलावून घेतलं.

‘गुरुजी, बसा. तुम्ही माझ्या जेलमध्ये लोकांना नाही म्हणायला शिकवताय असं ऐकतो.’

‘फक्त मलमापुरतं, साहेब.’

‘मलमापुरतं!’ साहेब स्वतःचं मनगट खाजवत म्हणाले. ‘सव्वीस वर्षांत तुम्ही शिकवलेलं त्यांनी एवढं लवकर उचललेलं मी तरी पाहिलं नाही.’

आबांची पाळी आली. खोलीत मी आणि ते. मॅडम जरा लांब बसलेल्या. मी चारही पानं आबांना त्यांच्या बोलीत, जमेल तशी, वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी आबा आले आणि म्हणाले, ‘नही सांगं तं तुमले राग येई का?’

‘नाही, आबा.’

‘साहेबले?’

‘साहेबांनाही नाही.’

‘जजसाहेबले?’

‘त्यांना कळणारसुद्धा नाही.’

आबांनी सदरा वर केला. पोटावर आणि कुशीत पांढुरके डाग होते, जुने, हाताच्या पंज्याएवढे. ‘मागे दवाखानामा असंच मलम दिधं व्हतं. आंग बठ्ठं भाजी गयं. पंधरा दिन आंगवर कपडा नही.’ मग त्यांनी सदरा खाली केला आणि अगदी हळू म्हणाले, ‘मंग माले नको.’

मॅडम उठून आल्या. डाग पाहिले, मलमाचं नाव विचारलं. आबांना नाव आठवेना, पण रंग आणि वास आठवत होता. मॅडमचा चेहरा उतरला. पाकिटातली एक चिठ्ठी त्याच औषधाची असण्याचा संभव होता. आणि त्यांच्या फॉर्मवर ‘त्रास झाला आहे का’च्या पुढे माझी लाल, नीटनेटकी खूण होती. समितीने तो गठ्ठा परत पाठवला नसता तर काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही पुरता केलेला नाही. अर्ध्यावर आलो की दुसरं काहीतरी काम काढतो.

त्या क्षणी मात्र मी खुशीत होतो. सव्वीस वर्षांत माझ्या तोंडावर स्पष्ट ‘नको’ म्हणणारा पहिला विद्यार्थी! मी आबांची पाठ थोपटली. ते दारापर्यंत गेले, कुशीत खाजवलं आणि वळले.

‘मास्तर, नही तं सांगी दिधं. आते मनी खाजनं काय?’

मी मनात हिशेब मांडला. दवाखान्यातलं मलम संपलेलं. मॅडमच्या मलमाच्या नळ्या फक्त हो म्हणणाऱ्यांसाठी. म्हणजे आम्ही आबांना सांगत होतो की नाही म्हणायला तुम्ही पूर्ण मोकळे आहात, फक्त मग खाजवत बसा. असल्या मोकळेपणात कोण नाही म्हणेल? आम्ही केळी काढून घेतली होती खरी, पण सगळ्यांत मोठं केळं अजून टेबलावरच होतं.

मॅडम लाल झाल्या. त्या रात्री म्हणे जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी समितीला स्वतःच लिहून कळवलं, आणि समितीचं उत्तर आलं. जे नाही म्हणतील त्यांना नेहमीचे उपचार त्याच दिवशी, आधी ते, मग अभ्यास. कॉलेजातून औषध आलं. आबांसाठी लावायचं काही नव्हतं म्हणून पोटात घ्यायच्या गोळ्या आल्या. मॅडमच्या आराखड्यात भाग घेणाऱ्यांची अंथरूण-पांघरुणं उकळत्या पाण्यात धुवायची असंही होतं. आता ते नाही म्हणणाऱ्यांनाही लागू झालं. अधीक्षक साहेबांनी कपाळाला हात लावला. ‘कोणाचं कांबळं हो म्हणणारं आणि कोणाचं नाही म्हणणारं, हे मी कसं ओळखू? सगळीच उकळा!’

स्वयंपाकघराच्या अडगळीतलं जुनं मोठं पातेलं बाहेर निघालं. दोन दिवस जेलच्या अंगणात कांबळी शिजत होती. काही आटून शालीएवढी झाली, आणि लांब पायांच्या माणसांची पुढे थंडीत पंचाईत झाली. तारांवर, भिंतींवर, जिथे ऊन लागेल तिथे चादरी. पातेलं जुनं होतं, रोजच्या स्वयंपाकाचं नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो. तरी आठवडाभर बराकीत कोणी वरणाला हात लावला नाही.

आणि मग वकील माझ्याकडे आला. ‘गुरुजी, माझं “हो” परत घ्या. मुद्दा सात.’

‘का रे?’

‘नाही म्हणणाऱ्यांना आजच औषध. हो म्हणणाऱ्यांनी चिठ्ठीची वाट बघायची. मी काय वेडा आहे?’ एवढं बोलून तो दारात थांबला. ‘कारण द्यायची गरज नव्हती. पण तुम्ही घरचे, म्हणून दिलं.’

त्याच्या मागे रांग लागली. मी एकेकाचा होकार खोडत होतो. शेवटी अकरा उरले. त्यातल्या एकाला मी विचारलं, ‘तू का राहिलास?’ तो म्हणाला, ‘मॅडमचं काम होऊ दे की. आपल्या हातून कोणाचं काही चांगलं झालंय कधी?’ 

अकरा माणसांत अभ्यास होत नाही. त्यातून कांबळी उकळल्यापासून त्या अकरांचीही खाज ओसरायला लागली. मॅडमनी आपली कागदपत्रं गोळा केली आणि पुढे तो अभ्यास बाहेरच्या दवाखान्यात, निसटून जाणाऱ्या पेशंटांवर, जास्तीचे आठ महिने घालवून पुरा केला. जाताना मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, ‘सर, साठ खोट्यांपेक्षा अकरा खरे बरे.’ पण हे म्हणताना त्यांचा आवाज परीक्षेची तारीख हुकलेल्या माणसासारखा होता, आणि ती खरंच हुकली होती.

आबांचा जामीन पुढे झाला, खटल्याच्या रीतीने, मलमाशी काही संबंध नसताना. कागद समोर आला तेव्हा त्यांनी तो वकिलाकडून दोनदा वाचून घेतला. मग सही केली. मी तिथेच उभा होतो. मला मदत करायची फार इच्छा झाली होती. हात खिशात ठेवले.

ही सगळी हकीकत मी घरी सांगितली ती घटस्थापनेच्या आदल्या आठवड्यात. त्या आठवड्यात आमच्या गच्चीवर घरातल्या सगळ्या गोधड्या धुतल्या जातात. हंड्यात पाणी उकळतं, बायको धुते, आणि पिळताना गोधडीचं दुसरं टोक धरायला नवरा लागतो. त्याची संमती विचारण्याची पद्धत आमच्याकडे नाही. गोधडी पिळता पिळता मी सगळं रंगवून सांगितलं. नाही म्हणायचा तास, मुद्दा सात, आबा, ते अकरा जण. शेवटी म्हणालो, ‘बघ, एका नाहीमुळे सगळ्या जेलची खरूज गेली.’ आणि कौतुकाची वाट बघत थांबलो.

‘टोक सोडू नका,’ ती म्हणाली. मग आणखी एक पीळ देत, ‘तिथे पाणी आधीपासून होतं?’

‘होतं.’

‘पातेलं?’

‘अडगळीत होतं की.’

‘आणि ऊन?’

‘आपल्याकडे उन्हाला काय तोटा?’

तिने गोधडीला शेवटचा पीळ दिला. माझ्या पायांवर कोमट पाणी पडलं. तिने गोधडी झटकून तारेवर टाकली, सुरकुती सारखी केली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली,

‘अहो, सही करता का म्हणून साठ माणसांना दोनदा विचारलंत. झोपता कशावर, हे एकालाही नाही विचारलं?’